सुंदरपेरुमाळ कोयिल आणि धातुशोधकाची बॅटरी

तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या पॅसेंजर गाडीने पापनाशम मागे टाकले की पुढचे स्थानक सुंदरपेरुमाळ कोयिल. त्यानंतर स्वामिमलै, मग दारासुरम आणि मग कुंभकोणम. जेमतेम चाळीस किलोमीटरांच्या या पट्ट्यात देवालयांची एवढी दाटी आहे की गावाला देवळाचे नाव पडले की देवळाला गावाचे, हे परक्या माणसाला सांगता येऊ नये. 'कोयिल' म्हणजे देऊळ आणि 'पेरुमाळ' म्हणजे विष्णू. तेव्हा मराठीत सांगायचे तर हे 'सुंदर विष्णूचे देऊळ' होय, आणि हेच त्या गावाचे नाव! देवाचे पूर्ण नाव सौंदरराज पेरुमाळ.

गाडीच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि मधूनमधून विड्याच्या पानांचे मळे दिसतात. कावेरी येथवर येईतो अनेक मुखांनी वाहू लागलेली असते. कुंभकोणम शहर तर कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध वसले आहे. जमीन सपाट, मऊ, काळपट गाळाची. दगड शोधूनही सापडायचा नाही, आणि तरीही चोळ राजांनी येथे डोंगराएवढी दगडी देवळे उभी केली. दारासुरमचे ऐरावतेश्वराचे मंदिर बाराव्या शतकातील. २००४ साली त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. मराठी प्रवाशाला या मुलखात परकेपणा फारसा वाटत नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचा अंमल येथे टिकला. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली पुरा झालेला भोसले वंशाचा विस्तीर्ण शिलालेख आहे. तो मराठीत आहे, आणि देवनागरी अक्षरे पाहून आपल्याकडील माणूस तेथे हटकून थांबतोच.

आमच्या या प्रवासात एक स्नेही सोबत होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या कामात उभे आयुष्य घालवून ते निवृत्त झाले. देवळे पाहण्याची त्यांना आवड, पण गोपुराकडे पाहताना त्यांची नजर आधी पायथ्याच्या पाणी निघून जाण्याच्या वाटेकडे जाते. सुंदरपेरुमाळ कोयिलला जायचे ते एका मूर्तीच्या हकीकतीसाठी. ती हकीकत आम्ही त्यांना गाडीतच सांगितली, आणि तिच्यावरून जे बोलणे निघाले त्यातूनच हा लेख झाला.

हकीकत अशी. पाँडिचेरी येथे १९५५ साली एक फ्रेंच संशोधन-संस्था स्थापन झाली. तिच्या लोकांनी दक्षिणेतील देवळांमधून हिंडून मूर्तींची आणि शिल्पांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला, आणि पुढे त्या संग्रहात लाखाहून अधिक छायाचित्रे जमा झाली. त्या कामात १९५७ साली सौंदरराज पेरुमाळच्या देवळातील तिरुमंगै आळ्वारांच्या कांस्यमूर्तीचे छायाचित्र घेण्यात आले. तिरुमंगै हे बारा आळ्वारांपैकी एक. हाती ढाल-तलवार घेतलेल्या योद्ध्याच्या रूपात त्यांना दाखवितात. मूर्ती सोळाव्या शतकातली. दहा वर्षांनी, १९६७ साली, लंडनच्या एका लिलावात ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने एक तिरुमंगै आळ्वार विकत घेतले. २०१९ च्या नोव्हेंबरात एका स्वतंत्र संशोधकाने ती संग्रहालयातील मूर्ती आणि पाँडिचेरीच्या संग्रहातील ते जुने छायाचित्र एकच असल्याचे संग्रहालयाच्या निदर्शनास आणले. संग्रहालयाने ही गोष्ट दडवून न ठेवता भारतीय उच्चायुक्तांना कळविली, हे नमूद केले पाहिजे.

मग गावात चौकशी झाली. देवळात तिरुमंगै आळ्वार होतेच! पूजा चालू होती, उत्सव चालू होते. जुनी छायाचित्रे जवळ धरून पाहता पोलिसांच्या मूर्ती-विभागाला असे दिसून आले की, देवळात आहे ती नक्कल असून मूळ मूर्ती साठएक वर्षांपूर्वीच गेली. एवढ्यावरही ते थांबले नाही. कालियमर्दन करणारा कृष्ण, विष्णू आणि श्रीदेवी याही मूर्तींच्या जागी नकला ठेवण्यात आल्या असून मूळच्या मूर्ती अमेरिकेत पोहोचल्याचे पोलिसांनी सांगितले. तिरुमंगै आळ्वारांची आख्यायिका जाणणाऱ्यास यात एक विलक्षण योगायोग दिसेल. वैष्णवांच्या अन्नदानासाठी हा भक्त वाटमारी करी आणि एकदा त्याने वऱ्हाडाच्या रूपाने आलेल्या साक्षात विष्णूलाच अडविले, अशी कथा आहे. शेकडो वर्षांनी त्याच्यावरच तशी पाळी आली.

हे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे तेथे कोणी धातुशोधक घेऊन गेले असते, तर तो वाजलाच असता."

"वाजला असता," आम्ही म्हटले, "नक्कलही धातूचीच की."

"तेच म्हणतो मी. त्या यंत्राला धातू कळतो, देव कळत नाही. आणि बॅटरी उतरली असेल तर धातूही कळत नाही. पण ते तसे सांगत नाही, ही खरी पंचाईत आहे."

अण्णांना या यंत्राची ओळख देवळामुळे किंवा पोलिसांमुळे झालेली नव्हती. रस्त्याखाली पाण्याचे नळ असतात, त्यांच्या झडपांवर ओतीव लोखंडाची झाकणे असतात. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात आणि झाकणे वीतभर, हातभर खाली जातात. नळ फुटला म्हणजे झडप बंद करायची, पण झाकण कोठे आहे? नकाशा म्हणतो येथे, जमीन काही बोलत नाही. अशा वेळी धातुशोधक फिरवून जागा ठरवितात. एका गावी असेच यंत्र फिरविले, ते गप्प राहिले, म्हणून चार ठिकाणी रस्ता खणला. झाकण निघाले ते यंत्र जेथून पहिल्यांदा फिरविले होते त्याच जागी, कोपरभर खोलीवर. यंत्राचे सेल दोन उन्हाळ्यांपूर्वी घातलेले होते. तेव्हापासून अण्णांनी आपल्या हाताखालच्या लोकांना एक शिस्त लावली. ती सांगण्यापूर्वी यंत्राचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगितले पाहिजे.

धातुशोधकाच्या टोकाला एक तबकडी असते. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सारखा दिशा पालटणारा विजेचा प्रवाह जातो आणि त्यामुळे खालच्या जमिनीत क्षणाक्षणाला बदलणारे चुंबकीय क्षेत्र पसरते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचे स्वतःचे एक दुबळे क्षेत्र तयार होते. दुसरे वेटोळे ते टिपते, यंत्र त्याला मोठे करते आणि कर्ण्यातून आवाज येतो. म्हणजे यंत्र आधी हाक मारते आणि मग प्रतिध्वनी ऐकते. हाक मारणे, प्रतिध्वनी मोठा करणे आणि तो आपल्या कानी घालणे ही तिन्ही कामे त्या चार-सहा सेलांच्या जोरावर चालतात.

आता यातली मेख अशी की, हाक जाताना अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते आणि परत येतानाही तितकीच क्षीण होते. लहान वस्तूच्या बाबतीत गणित असे की, अंतर दुप्पट झाले तर परत येणारा आवाज निम्मा होत नाही. तो चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यामुळे साध्या बनावटीच्या यंत्रात सेल उतरू लागले आणि हाकेचे बळ निम्म्यावर आले, तरी वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही. पंचवीस सेंटीमीटर खोलीवरचे नाणे ऐकणारे यंत्र आता बावीसपर्यंतचे ऐकते. वरच्या थरातले खिळे, बाटल्यांची बुचे, पत्र्याचे तुकडे सगळे पूर्वीसारखेच खणखणीत वाजते. माणसाला वाटते यंत्र ठीक आहे. हरवते ती फक्त सर्वांत खोल, सर्वांत मंद हाक. आणि यंत्र घेऊन माणूस बहुधा तिच्यासाठीच गेलेला असतो.

म्हणून अण्णांची शिस्त अशी होती. नवे सेल घातले की यंत्र जमिनीपासून दूर, लाकडी बाकावर ठेवायचे. मेज लोखंडी नको, मनगटावर घड्याळ आणि बोटात अंगठी नको. मग एक ठरावीक वस्तू तबकडीसमोर दूरून हळूहळू जवळ आणायची आणि जेथे पहिला बारीक आवाज येईल ते अंतर मोजून काठीवर खूण करायची. काम सुरू करताना, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि काम संपताना तीच वस्तू, तीच काठी. खूण दोन बोटे आत सरकली की सेल बदलायचे, मग दिवा काहीही सांगो. वस्तू मात्र नीट निवडली पाहिजे. आपल्याकडची अलीकडची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत, आणि लोखंडाकडे दुर्लक्ष करण्याची सोय असलेले यंत्र त्यांना खिळ्यांच्याच पंक्तीला बसविते. अण्णांनी घरच्या देव्हाऱ्यातली तांब्याची जुनी पळी मागून घेतली होती. "बायकोने ती परत मागितली नाही," ते म्हणाले, "पण दुसरी माझ्याच पगारातून आणवली."

ठरावीक वस्तूची कसोटी नसेल तर कानावर भिस्त ठेवावी लागते. पुष्कळ यंत्रांत धातू नसतानाही एक सूक्ष्म गुणगुण चालू ठेवलेली असते. सेल उतरू लागले की ती गुणगुण आधी बारीक होते, मग लहरी होते. बटण फिरवून ती जागेवर आणावी, तर दहा मिनिटांत पुन्हा सरकते. काही यंत्रे उलट बडबड करू लागतात. तबकडी नुसती हलविली तरी चिवचिवतात. ओल्या जमिनीमुळेही असे होते, आणि आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडात तर लोहाचा अंश एवढा असतो की चांगले यंत्रही गोंधळते. पण कालपर्यंत त्याच जमिनीवर शांत असलेले यंत्र आज बडबडत असेल, तर आधी सेलांकडे पाहावे.

नव्या यंत्रांतून आत एक नियामक बसविलेला असतो. सेलांचा दाब कमी होत गेला तरी तो आतल्या भागांना एकसारखाच दाब पुरवितो, आणि अगदी शेवटची मर्यादा आली की यंत्र सूचना देऊन बंद पडते. अशा यंत्राच्या मालकाने पडद्यावरच्या खुणेवर विसंबण्यास हरकत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधा अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टांहून थोडा वर असतो आणि वापराबरोबर उतार उतरावा तसा उतरतो. एक-सव्वा व्होल्टावर आला की त्यात फारसा जीव उरलेला नसतो. पुन्हा पुन्हा भारता येणारा सेल मात्र सुरुवातीपासून सव्वा व्होल्टाच्या आसपास असतो, बराच काळ तेथेच राहतो, आणि शेवटी कड्यावरून पडावा तसा पडतो. म्हणून अल्कलाइनसाठी आखलेली खूण भारलेला सेल घालताच 'अर्धी' दाखविते आणि पुढे तासन् तास हलत नाही. हलते तेव्हा वेळ गेलेली असते.

दाब मोजायचा तर यंत्र चालू ठेवून मोजावा. थकलेला सेल तासभर विसावला की मोजमापाला तरतरीत दिसतो, आणि काम सांगताच पुन्हा खाली बसतो. घरातल्या विजेरीचा अनुभव सर्वांना आहे. रात्री मंद झालेली विजेरी सकाळी थोडी उजळते, म्हणून सेल परत कपाटात जातात. असले सेल टाकून द्यावेत असे नाही. भिंतीवरच्या घड्याळाला वीज इतकी थोडी लागते की विजेरीने नाकारलेला सेल तेथे कित्येक महिने काढतो. पण ज्या यंत्राच्या गप्प राहण्याला काही अर्थ आहे, त्यात असा निवृत्त सेल घालू नये.

बदलायचे तर सगळे एकदम बदलावेत. सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यात एक जुना राहिला तर बाकीचे त्याला ओढू पाहतात, तो उलटा तापतो आणि बहुतेक वेळा तोच गळतो. सेलावर घातल्याची तारीख पेनाने लिहावी. यंत्र महिनाभर ठेवून द्यायचे असेल तर सेल काढून ठेवावेत. स्वस्त कार्बन-झिंक सेलात जस्ताचा डबाच झिजत असतो, म्हणून तो आतून पोखरून फुटतो. अल्कलाइन सेल गळला की पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते. ती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगारमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसावी, मग पाण्याच्या ओल्या बोळ्याने, आणि पूर्ण कोरडी करावी. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत सेल ठेवू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत हा कावेरीचा प्रदेश आणि आपला विदर्भ यांत सेलाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

देवळाच्या दाराशी पहारेकऱ्याच्या हातात असते ते काठीसारखे छोटे यंत्र बहुधा नऊ व्होल्टांच्या चौकोनी बॅटरीवर चालते. तिच्या पोटात सहा इवले सेल असतात, आणि एकंदर साठा थोडाच. कुंभकोणमातील एका मोठ्या देवळापाशी एक वयस्क पहारेकरी आम्ही पाहिला. रांग सोडण्यापूर्वी त्याने काठी स्वतःच्या कमरेच्या किल्ल्यांवरून फिरविली, आवाज ऐकला, मग पहिल्या यात्रेकरूला पुढे बोलाविले. अण्णांनी त्याला नमस्कार केला. त्याला वाटले दर्शनाच्या ओढीने केला असेल.

या यंत्राचा जन्मच मुळी एका अपेशातून झाला. १८८१ च्या २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि गोळी शरीरात राहिली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तारेची वेटोळी, बॅटरी आणि टेलिफोनचा कर्णा जोडून गोळीची जागा शोधण्याचे साधन तयार केले. ते साधन चालत होते. पण बिछान्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि गोळी उजवीकडेच आहे या समजुतीने वैद्यांनी तेवढ्याच बाजूला शोध घेऊ दिला. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवपरीक्षेत गोळी डाव्या बाजूस निघाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या योझेफ कोसात्स्की या अभियंत्याने सैनिकाला हातात धरता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले. १९४२ साली अल् अलामेनच्या वाळवंटात अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली. त्यातील बॅटरी सैनिकाच्या पाठीवर असे. ती उतरली आहे हे कळण्याची चूक तेथे दुसऱ्यांदा करता येत नव्हती.

तंजावर जिल्ह्यात आणि आसपास जमिनीच्या गप्प राहण्याला वेगळाच अर्थ आहे. १३११ साली मलिक काफूरची स्वारी दक्षिणेत आली. तशा धामधुमीच्या काळात देवळांच्या लोकांनी उत्सवमूर्ती जमिनीत पुरून ठेविल्या. ज्यांना जागा ठाऊक होत्या ते गेले, आणि देव तेथेच राहिले. तिरुवेंकाडु येथील वृषवाहन शिवाची मूर्ती अशीच जमिनीतून वर आली. ती आज तंजावरच्या भोसल्यांच्या राजवाड्यात १९५१ साली स्थापन झालेल्या कलादालनात आहे. वाहन नाही, नंदी नाही, नुसता मोकळा हात कशावर तरी टेकल्यासारखा धरलेला. त्या हाताकडे पाहत आम्ही बराच वेळ उभे होतो. १९८७ साली एसालम येथे मूर्ती आणि राजेंद्र चोळाचा ताम्रपट सापडला. २०२३ च्या एप्रिलमध्ये शिरकाळीच्या सट्टैनाथ मंदिरात यज्ञशाळेसाठी खणताना वीसहून अधिक मूर्ती निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर तेवारमची पदे कोरलेले चारशेंहून अधिक ताम्रपट. त्या आवारात शतकानुशतके माणसांचा राबता होता. खाली काही आहे हे कोणासही ठाऊक नव्हते.

अशा बातम्या वाचून यंत्र विकत घेणारे लोक निघतात. आपल्याकडेही गुप्तधनाच्या नादाने घरे धुळीला मिळालेली आहेत. त्यांच्यासाठी कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती परदेशी नेण्यास खासगी व्यक्तींना मनाई आहे. कायद्यापेक्षाही मोठी हानी वेगळीच असते. १९७६ साली पत्तूर येथे गोठ्याचा पाया खणताना एका मजुराला नटराज सापडला, तो गुपचूप विकला गेला आणि लंडनला पोहोचला. खटला चालला तेव्हा मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या वाटा तपासून ती पत्तूरचीच असल्याचा पुरावा उभा करण्यात आला. १९८८ साली निकाल भारताच्या बाजूने लागला आणि १९९१ साली नटराज परतला. सापडलेली वस्तू घासूनपुसून लख्ख करणाऱ्याने तीच माती धुऊन टाकली असती.

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या आळ्वारांच्या अंगावर माती नव्हती, कारण ते कधी जमिनीत गेलेच नव्हते. दिव्याच्या उजेडात, रोजच्या पूजेत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते बदलले गेले. गावकऱ्यांना दोष देण्याची आम्हांस इच्छा होत नाही. उत्सवमूर्तीला वस्त्रे, अलंकार आणि फुलांचे हार एवढे असतात की भक्ताला मुखाखेरीज फारसे काही दिसत नाही. आणि दर्शनाला आलेला माणूस मूर्तीचे मोजमाप घेत नसतो. मोजमाप घेऊन ठेविले होते ते एका छायाचित्रकाराने, तेही चोरीचा संशय येण्याच्या कितीतरी आधी, मूर्ती खरी असताना. अण्णा गाडीत म्हणाले होते, "नव्या सेलांची खूण काठीवर असली पाहिजे, जुन्या सेलांची करून काय उपयोग?" त्याचा आम्हांला देवळातून बाहेर पडताना पुन्हा आठव झाला, पण अण्णा तोवर पुष्करणीच्या पायऱ्यांची चौकशी करण्यात गुंतले होते.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या परिषदेने मार्च २०२४ मध्ये ही मूर्ती भारताला परत करण्याच्या मागणीला मान्यता दिली, आणि पुढील संमतीसाठी प्रकरण तेथील धर्मादाय आयोगाकडे गेले. १९६७ पासून मोजले तर सत्तावन्न वर्षे झाली.

सुंदरपेरुमाळ कोयिलला जाणाऱ्याने स्वामिमलै चुकवू नये. तेथील स्थपतींच्या शाळांतून आजही मधमाशांच्या मेणाची मूर्ती करितात, तीवर कावेरीच्या बारीक गाळाचे लेप चढवितात, तापवून मेण वाहू देतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. या कलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेले आहे. नक्कल करणाऱ्यालाही एकेक मूर्ती नव्याने घडवावी लागते, आणि म्हणूनच हात बदलला की बोटांच्या पेरांत, कमरेच्या मुडपण्यात, ढालीच्या कडेत काहीतरी वेगळे उरते. एका शाळेच्या अंगणात अण्णांनी पायाने माती जरा बाजूस केली. खाली तांब्याच्या कणांची नुसती रांगोळी होती. "येथे यंत्र आणले तर सबंध दिवस गाईल," ते म्हणाले.

कुंभकोणमहून सुंदरपेरुमाळ कोयिल दहाएक किलोमीटरांवर आहे. पॅसेंजर गाडी सोयीची. न मिळाल्यास पापनाशमच्या रस्त्याने बस मिळते. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखाची असते. या भागातील देवळे साधारणपणे दुपारी बारा ते चार बंद असतात, तेव्हा सकाळी लवकर निघून देऊळ पाहावे, दुपार स्वामिमलैच्या शाळांत काढावी आणि संध्याकाळी कुंभकोणमला परतून तेथील सुप्रसिद्ध कॉफी घ्यावी. छायाचित्र घ्यायचे असल्यास आधी परवानगी विचारावी. आणि मिळाली, तर त्यावर तारीख लिहून ठेवावी.